एका जात्याला चार हात

पौडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन नुकतंच अंगावर येत होतं. मार्गशीर्षातली सकाळ. मुळशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून पुढे निघून गेल्या आणि आम्ही दोघी कोळवण खोऱ्याकडे जाणाऱ्या जीपची वाट बघत चहाच्या टपरीपाशी थांबलो. माझी मैत्रीण याच खोऱ्यातली, तिचं माहेर इथलं. तिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि आज घरी मुहूर्ताची हळद दळायची होती. "जात्यावर दळणार आहेत. आक्का बसणार आहे. चल," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. मला तेवढं पुरेसं होतं.

गेली काही वर्षं आम्ही दोघी मिळून जात्यावरच्या ओव्या ऐकतो, लिहून घेतो, त्यांवर भांडतो. मी लिहिलेला अर्थ ती खोडते, तिने लावलेला शब्द मला पटत नाही. ही वही आमच्या दोघींची आहे, तिच्यातलं कुठलं अक्षर कुणाचं हे आता वेगळं काढता येत नाही.

भात कापून झाल्यामुळे खाचरं मोकळी होती. खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. लांबवर तिकोन्याचा टोकदार माथा दिसत होता. जीपमध्ये आमच्याबरोबर सहा बायका होत्या आणि कोळवण येईपर्यंत त्यांनी बचत गटाचा हिशोब, कुणाच्या सुनेचं बाळंतपण आणि डेअरीचा दर असे तीन विषय उरकले.

हा मुळशी तालुका बायकांच्या ओव्यांच्या इतिहासात फार मोठा आहे, आणि तो हेमा राईरकर या बाईंमुळे. पुण्याच्या हेमाताई आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या दोघांनी इथल्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेचं काम उभं केलं. बैठकीत बायका तोंड उघडत नाहीत, पण ओवी म्हण म्हटलं की सगळं बोलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. नवऱ्याचा मार, लेक झाली म्हणून फिरवलेलं तोंड, सासुरवास, आईची आठवण, सगळं ओवीत होतं. मग गावोगाव ओव्या लिहून घेणं सुरू झालं. नव्वदच्या दशकात आवाजही टेपवर आले. करता करता राज्यभरातल्या हजाराहून जास्त गावांतून, तीन हजारांहून जास्त बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यात आहेत. गी 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे संकेतस्थळ हा खजिना सगळ्यांसाठी खुला करत आहे.

एक लाख हा आकडा मी अनेकदा लोकांना सांगते आणि समोरचा माणूस 'बापरे' म्हणून पुढे जातो. मला त्यामागे दुसरंच दिसतं. इतक्या बायका कुणासमोर मनातलं बोलतील? वही-पेन घेऊन आलेल्या अधिकाऱ्यासमोर नक्कीच नाही. हा संग्रह झाला, कारण ऐकणारी बाई परत परत येत राहिली आणि गावातल्याच बायका तिच्या कामात भागीदार झाल्या. मैत्री नसती तर वह्या कोऱ्या राहिल्या असत्या.

घरी पोचलो तर ओसरी शेणाने सारवून तयार होती. मधोमध पोत्यावर जातं. धुऊन पुसून, कडेला आंब्याची पानं आणि सुपारी बांधून, हळदी-कुंकवाची बोटं ओढून ते नवरीसारखं नटवलेलं. हळकुंडं आधीच उखळात कुटून सुपात घेतली होती. आक्का, म्हणजे नवरीची आजी, जात्याच्या भोकात बोट घालून दगड चाचपत होत्या. "दात गेलं हेचं. टाकी लावून किती वरसं झाली कुनास ठावं," त्या म्हणाल्या. टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने जात्याच्या दगडाला पुन्हा दात पाडून देणारा, आता या भागात फिरकत नाही. गिरणी आली आणि जातं माळ्यावर गेलं. त्याचं मला दुःख नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. पहाटे तीनला उठून घरादाराचं दळण दळणं म्हणजे खांदे भरून येणं, तळहाताला घट्टे पडणं होतं. ते परत यावं असं म्हणणाऱ्यांनी एक पायली नाचणी दळून बघावी. हरवली ती बसायची जागा. अंधारात, पुरुषमाणसं झोपलेली असताना, दोघींनी समोरासमोर बसून एका खुंट्याला हात घालायची जागा.

पाच सुवासिनी जमल्या. आक्का सगळ्यात वडील, त्यांनी खुंटा धरला. त्यांच्यासमोर सुनेला बसवलं. आणि आक्का काही सुरुवात करेनात.

दाराशी, उंबऱ्याच्या पलीकडे, त्यांच्याच वयाची एक बाई अक्षतांचे तांदूळ निवडत बसली होती. गाव तिला मावशी म्हणतं. आक्का आणि मावशी एकाच वर्षी या आळीत लग्न होऊन आल्या. आवणीला, म्हणजे भातलावणीला, एकमेकींच्या खाचरात सावडीने राबल्या, दळणही सावडीने, आज तुझ्या घरी तर उद्या माझ्या. मावशींचे यजमान जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

"ती आल्याबिगर खुंटा हालायचा न्हाई," आक्का म्हणाल्या.

ओसरीवर एकदम शांतता. आक्कांच्या जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, लग्नाचं काम हाय."

"मला दिसतंय ते. पोरीचा बाप झाला तवा मला दूध न्हवतं. त्येला कुनाचं पाजलं गं? तवा नाय कुनी इचारलं, शुभाचं का अशुभाचं."

मावशी खाली मान घालून तांदूळच निवडत राहिल्या. "आक्का, नगं. पोरीला कोन नावं ठेवील," एवढंच त्या पुटपुटल्या.

उठली ती नवरी. एम.ए. करणारी मुलगी, पुण्यात खोली घेऊन राहते. तिने काही भाषण केलं नाही. मावशींच्या मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, हाताला धरून त्यांना आत आणलं आणि आक्कांच्या समोर बसवलं. समोर बसलेली सून आपसूक बाजूला सरकली. जाऊबाई उठून मागच्या दाराने गेल्या, त्या जेवणापर्यंत आल्या नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मला त्या ठरावाचं मोल फार वाटतं. पण ठराव गावात येतो आणि उंबऱ्याशी अडतो. तिथून आत यायला कुणीतरी हात धरावा लागतो, आणि तो हात पन्नास वर्षं एकत्र दळलेल्या मैत्रिणीचा असेल तर समोरच्यांना उत्तर द्यायला जड जातं.

जातं फिरू लागलं. पहिले काही फेरे नुसती घरघर. आक्का उजव्या हाताने ओढायच्या, मावशी पुढे लोटायच्या, आणि खुंटा एकीकडून दुसरीकडे जाताना दोघींच्या माना एकाच लयीत झुकायच्या. मावशी डाव्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण, म्हणजे कुटलेली हळकुंडं, घालत होत्या, बघून नव्हे, हाताला माहीत असल्यासारखी. कडेने पिवळी धार पडायला लागली आणि ओसरीभर हळदीचा ओला, मातकट वास सुटला.

मग आक्कांनी सूर लावला. वडीलधाऱ्यांच्या, देवाच्या जुन्या ओव्या झाल्या, बाकीच्या बायकांनी ओढून धरल्या. आणि मध्येच आक्का काहीतरी नवंच म्हणाल्या. माझ्या मैत्रिणीने माझा दंड दाबला. आक्का ओवी बांधत होत्या, तिथेच, दळता दळता. पहिली ओळ अशी आली:

दळन दळीते बाई, एका जात्याला दोन हात

मावशींनी खुंटा थांबवला. "दोन कसं गं? खुंट्याला दोन. वैरन घालतो त्यो हात कुनाचा? आन पीठ सारतो त्यो? चार म्हन."

आक्का हसल्या. तोंडात दोन दात राहिलेल्या त्या हसण्यात सोळा वर्षांची मुलगी मला दिसली. "मंग चार. फुडं तू म्हन."

मावशींनी दोन फेरे नुसते ओढले. ओठ हलत होते, आवाज नाही. मग:

माज्या सईच्या बोलानं, सरली निम्मी रात

बायकांनी दोन्ही ओळी उचलल्या आणि तीनदा घोळवल्या. कुणीतरी 'सरली'च्या जागी 'गेली' म्हटलं, ते दोघींनीही मान हलवून नाकारलं. रचना कशी होते यावर मी बरंच वाचलं आहे. दोघी जणी मिळून एक शब्द तोलताना इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. चूक काढणारी आणि चूक मान्य करणारी, दोघींनाही त्यात कमीपणा नव्हता. माझ्या मैत्रिणीच्या आणि माझ्या वहीतल्या भांडणांचं मूळ मला त्या ओसरीवर सापडलं.

हळद झाली. सुनांनी एकमेकींच्या गालांना लावली. आक्कांनी मावशींपुढे कुंकवाची कोयरी धरली, तेव्हा मावशींनी आक्कांचा हात हळूच बाजूला केला. "ते नगं," त्या म्हणाल्या. "दळाय बसले, झालं की." आक्कांनी आग्रह केला नाही. मला क्षणभर वाईट वाटलं, मग लक्षात आलं की मावशींच्या मनाचा निर्णय त्यांचाच आहे आणि आक्कांना तो माझ्याआधी कळला होता.

जेवताना जाऊबाई आल्या. कुणी काही बोललं नाही. त्यांनी वाढायला घेतलं, मावशींच्या ताटात भात वाढताना क्षणभर थांबल्या आणि वर तूप घातलं.

दुपारी तीनच्या जीपला आम्ही रस्त्यावर आलो. मावशी मागून लगबगीने आल्या, पदराने कपाळ पुसत. "लिवलं न्हवं? चार हात लिवलं?"

मैत्रिणीने वही उघडून पान दाखवलं. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, कुठली ओळ, आणि मैत्रिणीने दाखवली तिथे तर्जनी टेकवून त्या शेवटपर्यंत सावकाश घेऊन गेल्या. ओळीखाली हळदीची पिवळी रेघ उमटली. जीपवाल्याने हॉर्न दिला.