डावा प्रसाद

गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आमच्या गावची ग्रामदेवता सातेरी. तिचे मूळ रूप रोयण, म्हणजेच वारूळ. कॉलेजात शिकत असताना मी एकदा आईला मोठ्या ऐटीत सांगितले होते, की ज्याच्यापुढे आपण हात जोडतो ते वारूळ वाळवीने माती आणि लाळ कालवून उभे केलेले असते. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता "मग?" एवढेच विचारले. पुढे एकतीस वर्षे मी उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, परंतु त्या 'मग'पुढे काय बोलायचे ते काही मला सुचले नाही. सहा वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी जे वागलो, त्याचा संबंध त्या 'मग'शी आहे, आणि ते एकदा नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

चढण चढताना बाबांच्या छातीत दाटून येऊ लागले, म्हणून तपासण्या केल्या. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांमध्ये मोठे अडथळे निघाले. पायातली शीर आणि छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरून अडथळ्याच्या पलीकडे रक्ताला नवी वाट करून द्यावी लागेल, म्हणजेच बायपास करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. मी धोका विचारला, तेव्हा ते म्हणाले, "यांच्या वयाला आणि प्रकृतीला शंभरात दोन." घरी आल्यावर मी वर्गात फळ्यासमोर उभा राहून समजवावे तसे बाबांना सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शंभरातले ते दोघे कोण, हे तुझे शास्त्र सांगते?"

सांगत नाही, असे मला कबूल करावे लागले. शंभरात दोन ही गणती आधी होऊन गेलेल्या माणसांची असते. खाटेवर पडलेल्या एका माणसाला ती त्याचे स्वतःचे भविष्य सांगत नाही. तरीही त्या आकड्याचा एक गुण मी बाबांना सांगायला हवा होता, तो मला त्या वेळी सुचला नाही. तो आकडा चुकीचा असेल, तर दुसरा कोणीतरी पुन्हा मोजून तो चुकीचा आहे असे दाखवू शकतो. बाबा म्हणाले, "मग देवीला विचारूया," आणि आई दुसऱ्याच दिवशी सकाळी देवळात गेली.

आमच्याकडे प्रसाद घेतात तो असा. भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या अंगावर ठरलेल्या जागी, उजवीकडे आणि डावीकडे, लावतात. भटमाम, म्हणजे देवळाचे पुजारी, यजमानाच्या वतीने गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवीपुढे प्रश्न मांडतात, आणि सगळे वाट पाहत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. पाकळी आणि मूर्ती यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, त्यामुळे पाकळी चिकटून राहते. पाणी सुकत गेले की पकड सैल होते आणि वजन भारी ठरते. समई कोणत्या बाजूला जवळ आहे, वारा कुठून येतो, पाकळी केवढी आहे, पाणी किती लागले आहे, यांवर कोणती आधी सुटेल ते ठरते. पावसाळ्यात प्रसादासाठी फार ताटकळावे लागते ही तक्रार तर आईचीच आहे. दमट हवेत पाणी सावकाश सुकते हे माझे उत्तर तिने ऐकले आहे, पण पावसाळ्यात देवी जास्त विचार करते हे तिचे मत त्याने बदललेले नाही.

त्या दिवशी डावा प्रसाद पडला.

आई घरी येऊन काही न बोलता स्वयंपाकघरात गेली, तेव्हाच मला काय ते कळले. बाबांनी विचारले नाही, पण दुपारी ते नीट जेवले नाहीत. मला राग आला, आणि तो आईपेक्षा माझ्यावरच जास्त होता, कारण तिला जाऊ देताना हे असेही होऊ शकते याचा मी विचारच केला नव्हता. प्रसाद उजवाच पडेल असे मी गृहीत धरले होते. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, तिच्याकडून मी माझ्या सोयीच्या उत्तराची अपेक्षा करीत होतो.

संध्याकाळी मी भटमामांकडे गेलो. ते माझ्याहून वयाने लहान, पण आमच्याकडे भटमाम तो भटमामच. वाद घालायच्या तयारीने गेलो होतो, परंतु त्यांनी तशी वेळच येऊ दिली नाही. ते म्हणाले, "सर, चूक माझी झाली. गाऱ्हाणे नीट घातले गेले नाही. औषधपाणी करावे की न करावे हे देवीला विचारायचे नसते. ते डॉक्टरांचे काम. देवीला विचारायचे ते एवढेच, की या दिवशी घराबाहेर पडलो तर तू पाठीशी आहेस ना?" दुसऱ्या दिवशी नव्या शब्दांत गाऱ्हाणे घातले गेले आणि प्रसाद उजवा पडला. बाबा त्या रात्री पोटभर जेवले. आठवड्याने शस्त्रक्रिया झाली आणि ती नीट पार पडली. शेजारच्या बायने म्हापशाला चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीपुढे, म्हणजे मेरीमातेपुढे, मेणबत्ती लावली होती, तिचेही नवस-आभार यथासांग झाले.

मला बोचते ती गोष्ट याच्या मधली आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरणाचे ९.८ हे पुस्तकातले उत्तर आधी लिहून घेऊन मग त्याला जुळणारी निरीक्षणे वहीत भरणारी मुले दरवर्षी असतात. मी त्यांचे गुण निर्दयपणे कापले आहेत आणि त्यांना प्रामाणिकपणावर लांबलचक व्याख्यानेही ऐकवली आहेत. आणि इथे, हवे ते उत्तर येईपर्यंत प्रश्न बदलण्याचा तोच प्रकार माझ्या डोळ्यांदेखत झाला, तेव्हा मी भटमामांचे हात धरून आभार मानले. दुसराही प्रसाद डावा पडला असता तर त्यांनी तिसरे गाऱ्हाणे शोधले असते, याची मला जवळजवळ खात्री आहे. शोधले नसते तर मी काय केले असते, याची मात्र मुळीच नाही.

बाबांना पुढच्या तपासण्यांसाठी पणजीला न्यावे लागे. ते आत असताना मी चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात बसत असे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या वनस्पती आणि औषधे स्वतः पाहून, स्थानिक वैद्यांना विचारून त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. जुन्या ग्रीक आचार्यांनी लिहिले म्हणून नव्हे, तर मी पाहिले म्हणून सांगतो, अशी त्याची धाटणी. १५६८ मध्ये तो वारला आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. विज्ञानदिनाच्या भाषणांत मी त्याला विज्ञानाचा हुतात्मा म्हणून रंगवत असे, आणि ते चूक होते. त्याची हाडे जाळली ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून; त्याची बहीण कातारिना हिला तर १५६९ मध्ये याच कारणासाठी जिवंत जाळले होते. म्हणजे एका श्रद्धेने दुसऱ्या श्रद्धेला जाळले. माझ्या भाषणाला शोभेल असा अर्थ मी त्या हाडांना चिकटवला होता, पुन्हा तेच ९.८.

तिथून चालत काही मिनिटांवर, जुन्या सचिवालयाशेजारी, आबे फारियाचा पुतळा आहे. हा कांदोळीचा, १७५६ चा जन्म, म्हणजे आमचा बार्देशकरच. आणि पेशाने धर्मगुरू. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसला तरी अदृश्य चुंबकीय प्रवाह निघतो असे त्या काळी युरोपात मानले जाई. प्रवाह वगैरे काही नाही, झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातूनच ती झोप येते, असे फारियाने पॅरिसमध्ये प्रयोग करून मांडले. त्याची एक आख्यायिका गोव्यात पोरासोरांना ठाऊक आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला तो उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली, तेव्हा त्याच्या वडिलांनी हळूच कोकणीतून सांगितले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि फारिया घडाघडा बोलू लागला.

बाबांना उजव्या प्रसादाने दिले ते 'कातर रे भाजी' होते, असे मी आता मानतो. भीती खरी होती, ती गेली हेही खरे, आणि माझा शंभरात दोनचा आकडा ते काम करू शकला नव्हता. परंतु अडथळा आलेली रक्तवाहिनी काही ऐकत नाही; तिच्यासाठी पायातली शीरच काढावी लागली. यातले कोणते काम कोणाचे, ही रेघ आमच्या घरात त्या दिवशी एका समंजस भटमामांनी आखली. दुसऱ्या एखाद्या गावात, दुसरा कोणी, पहिल्याच डाव्या प्रसादावर थांबला असता, आणि त्याला थांबवणारा नियम कुठल्याही पोथीत नाही. मला धास्ती वाटते ती याची.

बाबा आता ऐंशी वर्षांचे आहेत आणि मळ्यापर्यंत चालत जातात. आईचे मात्र गुडघे गेले. उजवा गुडघा बदलावा असा सल्ला मिळाला असून डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या आहेत. मागच्या अनुभवावरून शहाणे होऊन या खेपेला मीच पुढाकार घेतला आणि भटमामांना देण्यासाठी गाऱ्हाण्याचा मजकूर कागदावर लिहून आईसमोर ठेवला: १२ तारखेला करावी की १९ तारखेला. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"पुता," ती म्हणाली, "आणि करूच नये, असे मला विचारायचे असेल, तर त्याला यात जागा कुठे आहे?"

मी जागा ठेवलेली नव्हती.