चाकाखालचा ठोकळा

वैशाखातली दुपार होती आणि धोपाव्याच्या जेट्टीवरून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत मी नुकतीच गाडी चढवली होती. चढवली म्हणजे उलटी चढवली. त्या बोटीला फाळका एकाच अंगाला होता, त्यामुळे चारचाकी मागे मागे नेत आत घालायची आणि पलीकडे सरळ तोंडाने बाहेर काढायची असा शिरस्ता होता. मी सगळ्यांत शेवटी चढलो, म्हणून माझ्या गाडीचे नाक थेट फाळक्याकडे आले. इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला, शिवाय पहिला गिअर टाकून ठेवला. आपण आपले काम चोख केले अशा समाधानात दार उघडतो आहे, तोच एक खलाशी आला आणि त्याने माझ्या पुढच्या चाकाच्या पुढ्यात एक लाकडी ठोकळा पायानेच सरकवला.

ठोकळा तिरका कापलेला होता, ऑइल आणि खाऱ्या पाण्याने काळा पडलेला. चाक जिथे टेकते त्या बाजूला जुन्या टायरची पट्टी खिळ्यांनी ठोकलेली होती आणि मागच्या भोकातून ओवलेल्या निळ्या नायलॉनच्या दोरीचे टोक माझ्या दाराशी लोळत होते.

"हँडब्रेक लावलाय हो," मी म्हणालो.

"असू दे की," असे म्हणून तो शेजारच्या टेम्पोकडे गेला.

त्याच्या बोलण्यात अविश्वास नव्हता, खरे तर काहीच नव्हते, आणि नेमके तेच मला लागले. तीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाने सांगितलेली गोष्ट आणि टेम्पोतल्या आंब्याच्या पेट्या यांना त्याच्या हिशेबी सारखीच किंमत होती.

आधीच उलटी गाडी चढवताना माझा पुरेसा पाणउतारा झाला होता. घरच्या मंडळींना अगोदरच उतरवलेले असते आणि ती पायी चालत बोटीत जाऊन, सावली पकडून, आपल्याकडे पाहत उभी राहतात. जेट्टीवर बोटीची वाट पाहणारे, बोटीतून आत्ताच उतरलेले, सोडावाला, कोणाचाच नसलेला एक म्हातारा, असे सगळे जण एकाच वेळी हात हलवत असतात, आणि त्यांपैकी निम्म्यांचा डावा हात म्हणजे आपला उजवा असतो. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," हे शब्द इतक्या मायेने उच्चारले जातात की माणूस बेसावध होतो, आणि मग एकदम "बस!" असे ओरडून कोणीतरी बॉनेटवर थाप मारतो. सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर जेट्टीची उतरण खालपर्यंत उघडी पडते, तिच्यावरचे शेवाळ आणि कालवांच्या शिंपा दिसू लागतात, आणि फाळका आणि जेट्टी जिथे भेटतात तिथे असा कोन होतो की गाडीच्या पोटाला खरवडल्याचा आवाज येतो. तो आवाज गाडीतून नव्हे, आपल्या बरगड्यांतून आल्यासारखा वाटतो.

म्हणूनच की काय, या प्रवासाला निघताना मी अजूनही तिथी पाहतो. आजोबांना पाऊणकी तोंडपाठ होती आणि त्या पाढ्याचा त्यांनी आयुष्यभर केलेला एकमेव उपयोग म्हणजे भरतीची वेळ काढणे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या आधी खाडी तुडुंब. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती. हिशेब ठोकळच, पण माझ्या अनुभवात तो कधी तासाभराहून जास्त चुकलेला नाही. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात हे मला ठाऊक आहे. तरी मी दिनदर्शिकेवर तिथी पाहून मनातल्या मनात पाऊणकी करतो, आणि ती जमली नाही तर कोणाला न सांगता बोटांवर करतो.

फाळका वर उचलला गेला, भोंगा वाजला आणि बोटीने जेट्टी सोडली. इथून पुढची दहा-बारा मिनिटे मला या सगळ्या प्रवासात सर्वांत प्रिय आहेत. रस्त्याने गेलो तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो आणि बोटीने समोरच्या काठाला जायला एवढाच वेळ लागतो, हा हिशेब लोक कौतुकाने सांगतात. पण मला वाचलेल्या किलोमीटरांचे काही वाटत नाही. मला गंमत वाटते ती वाहनांची. ज्या गाडीने सकाळपासून आपल्याला वाहून नेले, ती इथे स्वतःच उतारू होऊन बसते. तिचे तिकीट फाडले जाते. तिचा मालक स्टिअरिंग धरून बसला काय किंवा कठड्याला टेकून भेळ खात राहिला काय, तिच्या जाण्यात काही फरक पडत नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाला हे फार जड जाते. काही जण शेवटपर्यंत सीट सोडत नाहीत. काच वर, इंजिन सुरू, आत गारवा, अशा थाटात ते खाडी ओलांडतात, आणि पाण्यावर उभे असूनही त्यांना पाण्याचा वारा लागत नाही. अशा मंडळींविषयी माझ्या मनात अढी आहे. ती दूर करण्याचा मी प्रयत्न केलेला नाही.

ही फेरीसेवा 2003 मध्ये सुरू झाली. पुढे वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी अशा खाड्यांवरही गाड्या नेणाऱ्या बोटी आल्या, आणि 2020 पासून तर मुंबईहून मांडव्यालाही गाडीसकट जाता येऊ लागले. त्या मोठ्या बोटीत मी एकदा गेलो आहे. तिला तासभर लागतो, लोक बसतात, खातात, पेंगतात. ती चांगलीच आहे, पण तिच्यात माणूस स्थिरावतो. या छोट्या बोटीत कोणी स्थिरावत नाही, कारण चढल्याबरोबर उतरायची वेळ होते.

त्याआधी इथे होडी होती. दाभोळहून वेलदूरला जायला आणि धोपाव्याला जायला होडीच, पुढे लाँच. वेलदूर हे माझ्या आजीचे माहेर आणि दाभोळ सासर. आमच्या माडीच्या खिडकीतून पलीकडचे माड दिसत, संध्याकाळी दिवे दिसत, आणि तरीही आजी माहेरी जायची ती वर्षातून दोन वेळा. निघताना ती गावाचे नाव घेत नसे. "पलीकडे जाऊन येते," एवढेच म्हणे. गंमत अशी की वेलदूरला पोचल्यावर परत निघायची वेळ झाली की तिथेही ती पणजीला हेच सांगे, "पलीकडे जायला हवं आता." लहानपणी मला वाटे की पलीकडे हे एका गावाचे नाव आहे आणि ते आपण जिथे नसतो तिथे असते.

एकदा परत येताना भर सुकती होती. दाभोळला बंदरापर्यंत होडी येईना, म्हणून नावाड्याने ती चिखलात टेकवली आणि मला खांद्यावर घेतले. बायका लुगड्याचा ओचा वर खोचून गुडघाभर चिखलातून निघाल्या. आजीच्या एका हातात ओल्या काजूगरांचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात तिच्या वहाणा. होडीत पाय ठेवायच्या आधी ती वहाणा काढत असे आणि धक्क्यावर पोचेपर्यंत घालत नसे. का, ते मी कधी विचारले नाही. नावाड्याच्या खांद्यावरून मला तिचे फक्त डोके दिसत होते आणि ती मला सांगत होती, "घट्ट धर रे, त्याचे केस नको धरू, मान धर." नावाड्याच्या मानेला डिंकासारखा मिठाचा थर होता. तो अजून माझ्या तळहाताला आठवतो.

फेरीबोटीत मी एकदा आजीची आठवण म्हणून चपला काढून पाहिल्या. मे महिन्यातल्या दुपारी लोखंडी पत्र्यावर हे करू नये.

कठड्याशी उभे राहून पाणी पाहत होतो. ही वाशिष्ठी, म्हणजे चिपळूणकडून येणारी नदी, असे शाळेत शिकवले होते. पण हे सगळे पाणी तिचे नाही. घाटावर कोयना आपली पूर्वेला कृष्णेकडे निघालेली असते. तिचे पाणी धरणात अडवून, बोगद्यांतून सह्याद्रीच्या अलीकडे पोफळीला आणतात, वीज काढून घेतात आणि वाशिष्ठीत सोडून देतात. बंगालच्या उपसागराला जायचे ते पाणी असे माझ्या बोटीखालून अरबी समुद्राला जाते. आजीला हे माहीत असते तर ती म्हणाली असती की त्यालाही पलीकडेच दिले.

काठावरचे दाभोळ जवळ येऊ लागले. बहमनी काळात हे इतके मोठे बंदर होते की अरबस्तानातून घोडे इथे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला, तो चौलला एक घोडा घेऊनच उतरला. तो घोडा घेऊन तो जुन्नर, बीदर असा हिंडला, वाटेत जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि पुढे परतही दिला. शेवटी बीदरला घोडा विकून, बरीच भटकंती करून, निकितिन परतीसाठी गलबतात बसला तो याच दाभोळला. म्हणजे वाहन जहाजात घालून समुद्र ओलांडणे ही काही आजची कल्पना नाही. घोड्याला हँडब्रेक नसतो. त्याला गलबतात कसे उभे केले असेल, कशाला बांधले असेल, लाट आली की त्याच्या खुरांखाली काय सरकवत असतील, हे त्याने लिहून ठेवले असते तर बरे झाले असते.

आणि एवढे जुने नाव असलेल्या गावाला नव्वदच्या दशकात निराळीच प्रसिद्धी मिळाली. मी कुठेही गाव सांगितले की लोक एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचे विचारत. नाव दाभोळ प्रकल्प, पण तो उभा राहिला खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. "तो आमच्याकडे नाही, पलीकडे आहे," असे सांगून मी थकलो. दाभोळने नाव दिले आणि पलीकडच्यांनी जमीन, हा व्यवहार कोणाला कितपत मानवला ते दोन्ही काठांवर वेगवेगळे ऐकायला मिळते.

आता पुलाचे बोलतात. झाला तर मी त्यावरून जाईन, कारण माझी गुडघेदुखी आणि माझा आळस हे दोन्ही पुलाच्या बाजूचे आहेत. होडी बंद पडली तेव्हाही लोक हळहळले नाहीत. ज्यांना खाडी रोज ओलांडायची असते त्यांना तिचे कौतुक परवडत नाही. हे मला आत्याने शिकवले. शिकवले असे नाही, तिने फक्त एक गोष्ट सांगितली.

आषाढातली ती रात्र होती. दिवसभर वारा इतका होता की होडी बंद होती. रात्री पाऊस जरा उघडला तेव्हा आजी माडीच्या खिडकीशी उभी होती आणि आजोबांना म्हणाली की पलीकडे आज कंदील फार हलताहेत. आजोबांनी येऊन पाहिले आणि काही म्हटले नाही. मग बऱ्याच वेळाने किनाऱ्याला एक मोठा उजेड दिसला, तो पावसाची सर आली की मंद व्हायचा आणि पुन्हा वर यायचा. आजी तो विझेपर्यंत खिडकीतून हलली नाही. सकाळी वारा पडला आणि पहिल्या होडीने निरोप आला की तिचे वडील गेले. आजीने निरोप्याला चहा दिला. तिला विचारावे लागले नाही की कधी आणि कुठे. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. ती म्हणते, आई त्या दिवशी पलीकडे गेली तेव्हा पहिल्यांदा वहाणा न काढता होडीत चढली.

ही गोष्ट मला बोटीत दर वेळी आठवते असे नाही. त्या दुपारी आठवली. मी वेलदूरच्या बाजूला पाहत राहिलो आणि किनाऱ्याची ती जागा कोणती असावी याचा अंदाज बांधत राहिलो. तिथे आता मासेमारीच्या ट्रॉलरांची रांग होती.

भोंगा वाजला. दाभोळचा धक्का आला होता. मोटरसायकली आधीच सुरू होऊन घुरघुरत होत्या आणि घरची मंडळी मला हाका मारत होती. मी घाईने गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे हे मी विसरलो होतो, आणि गाडीबाहेर पडण्याच्या नादात हँडब्रेकही अर्धवटच ओढला होता असे दिसते. क्लचवर पाय नव्हताच. अजून पुरता न पडलेल्या फाळक्याच्या दिशेने गाडीने एक उसळी घेतली, ठोकळ्यावर आपटली आणि बंद पडली.

खलाशी चालत आला. त्याने वाकून दोरीचे निळे टोक उचलले, ठोकळा ओढून घेतला, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि काहीही न बोलता शेजारच्या टेम्पोकडे गेला.