२६ जुलैचा पाऊस संगणकात पाडताना

२६ जुलै २००५. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला ७५च्याही आत. पीएचडीसाठी मला हाच दिवस संगणकात पुन्हा घडवायचा होता, आणि पृथ्वी आणखी तापल्यावर तो कसा असेल तेही बघायचं होतं.

जागतिक हवामान मॉडेलची एक चौकट साधारण १०० किलोमीटरची. सांताक्रूझ आणि कुलाबा बहुधा एकाच चौकटीत येतात आणि दोघांना मिळून पावसाचा एकच आकडा मिळतो. एवढा मोठा फरक तिथे पुसलाच जातो! म्हणून डब्ल्यूआरएफ हे ठरावीक प्रदेशापुरतं बारीक चौकटींवर चालणारं हवामान मॉडेल घेतलं आणि एकात एक तीन डोमेन, म्हणजे हिशेबाची क्षेत्रं, बसवली: चौकटी २७, ९ आणि ३ किलोमीटरच्या. ३ किलोमीटरवर मोठे ढग मॉडेल स्वतः उभे करतं, सूत्रांनी अंदाजे धरावे लागत नाहीत. पण मग आतल्या डोमेनचा हिशेब दर १८ सेकंदांनी करावा लागतो; हीच टाइम स्टेप. सह्याद्रीच्या कड्यांवर हवेचा उभा वेग वाढला की रन, म्हणजे मॉडेलची एक फेरी, मध्येच कोसळायचा. टाइम स्टेप आणखी लहान करायची, काम परत संगणकाच्या रांगेत लावायचं. माणूस दमून जातो यात.

पहिला पूर्ण रन आला, त्यात पाऊस जोरदार होता, पण समुद्रात. सुरुवातीची वेळ मागेपुढे करून आणखी रन केले, तर प्रत्येकात पावसाचं केंद्र वेगळीकडे. एकाच रनवरून 'कुर्ल्यात एवढा पडेल' असं कुणी सांगितलं तर मी आता मानत नाही. सगळे रन एकत्र बघितले की किनाऱ्यालगतचा धोका मात्र स्पष्ट दिसतो.

तापलेल्या जगाचा भाग त्यामानाने सोपा गेला. शतकअखेरचं आणि आजचं हवामान यांतला फरक जागतिक मॉडेलांच्या सरासरीवरून काढायचा आणि त्या दिवसाच्या तापमानात मिळवायचा. सापेक्ष आर्द्रता तीच ठेवली, तर दर अंशामागे हवेतली वाफ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, ढग आणखी जोरात वर चढतो. त्यामुळे माझ्या रनमध्ये काही ठिकाणी पाऊस त्या ७ टक्क्यांच्याही पुढे गेला.

सरांनी विचारलं, "असा दिवस किती वेळा येणार?" याचं उत्तर या पद्धतीत नाही, कारण वारे आपणच २००५चे दिलेले असतात. त्यासाठी शेकडो वर्षांचे रन हवेत, आणि तेवढे रन मोठ्या चौकटीच्या मॉडेलांनाच परवडतात, ज्यांना हा ढग दिसत नाही. सध्या त्या लांब रनमधून २६ जुलैसारखे वारे असलेले दिवस वेचतेय. तेवढेच दिवस ३ किलोमीटरवर चालवणार आहे.