दोन वर्षं कुठून आली?

घरफोडीचा खटला होता. आरोपी चोवीस वर्षांचा, पहिलाच गुन्हा, बराचसा मुद्देमाल परत मिळालेला. पुरावा चोख होता, दोषी ठरवताना मन अडलं नाही. प्रश्न शिक्षेचा होता. सरकारी वकिलांनी 3 वर्षं मागितली, बचाव पक्षाने वय पुढे केलं. चेंबरमध्ये येऊन मी स्टेनोला सांगितलं, "2 वर्षं", आणि कारणं भराभर सांगत सुटले. समाजात जाणारा संदेश, घराची सुरक्षितता, आरोपीचा निर्ढावलेपणा.

त्या शब्दाशी स्टेनोची बोटं थांबली. "मॅडम, हे कुणाच्या साक्षीत आलंय?"

कुणाच्याच नाही. तो मुलगा तर पिंजऱ्याचा कठडा नखं पांढरी पडेपर्यंत आवळून उभा होता. निर्ढावलेला चोर माझ्या डोक्यातला होता. तीन आठवड्यांपूर्वी आमचं घर फोडून आईचं घड्याळ नेणारा, अजून न सापडलेला.

मी माझंच एक जुनं निकालपत्र मागवलं. गुन्हा जवळपास असाच, आरोपीही पहिल्यांदाच सापडलेला. तेव्हा मी 8 महिने दिले होते, आणि कारणांचे परिच्छेद आजच्याइतकेच ठाम होते. याचीच मला जास्त भीती वाटली.

न्यायाधीश भुकेले असले की कठोर होतात, हा इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांवरचा 2011 चा अभ्यास खूप गाजला. पण प्रकरणांचा क्रम मुळात योगायोगाने ठरत नव्हता, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो. मला छळतो तो 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला जर्मनीतला प्रयोग. कायद्याच्या क्षेत्रातल्या लोकांना दुकानातल्या चोरीचा खटला वाचायला दिला आणि सरकार पक्षाची मागणी म्हणून फासे टाकायला लावले. फासे असे बनवलेले, की बेरीज 3 किंवा 9 च यावी. 3 पडलेल्यांनी सरासरी 5 च्या आसपास महिने सुचवले, 9 पडलेल्यांनी जवळपास 8. फासे त्यांनी स्वतःच्या हाताने टाकले होते, तरीही.

दुसऱ्या दिवशी भर कोर्टात दोन्ही वकिलांना मी माझ्या घरच्या चोरीचं सांगितलं. ते सुनावणीआधीच सांगायला हवं होतं. खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे जावा असं वाटतं का, हेही विचारलं. दोघांनी नको म्हटलं. शिक्षेवर दोघांचं म्हणणं पुन्हा ऐकलं. या वेळी आधी मुद्दे लिहिले, आकड्याची जागा कोरी ठेवली आणि ती सगळ्यात शेवटी भरली.

9 महिने. जुन्या निकालातले 8 का नाहीत, हे मला आजही सांगता येत नाही.