राजहंसगडावरून अंतराळ स्थानकाची रेघ

अंतराळयानांच्या गोष्टींत रमणाऱ्यांना एक खरंखुरं यान साध्या कॅमेऱ्यात टिपता येतं: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. उंची सुमारे 400 किमी, साधारण 90 मिनिटांत पृथ्वीची एक फेरी. जमिनीवर अंधार आणि वर त्याच्या सौरपट्ट्यांवर ऊन असेल तेव्हाच ते झळकतं, म्हणून संध्याकाळ नाहीतर पहाट गाठायची.

येळ्ळूरचा राजहंसगड यासाठी झकास. बेळगावचा झगमगाट उत्तरेला राहतो, तेव्हा दक्षिण आकाशातून जाणारी फेरी निवडा. वेळ आणि दिशा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर मिळते. क्षितिजापासून 40 अंशांच्या खाली राहणारी फेरी सोडून द्या; धुरकट हवेत ती फिकट पडते.

ट्रायपॉड, 18 मिमी लेन्स, एफ 3.5 (लेन्सचं छिद्र), आयएसओ 400 (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर 10 सेकंद. एका फोटोत रेघेचा एकच तुकडा येतो, म्हणून फोटो लागोपाठ काढायचे. ऑटोफोकस अंधारात नुसता भटकतो, तो बंद करा. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करा, ठिपका अगदी बारीक होईपर्यंत लेन्सची फोकस रिंग फिरवा आणि रिंगला चिकटपट्टी लावा.

सगळ्यात जास्त घात करतं ते लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपके घालवणारी कॅमेऱ्यातली सोय. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढेच 10 सेकंद अडकून पडतो आणि निम्मी रेघ गायब! ते बंद करा, कंटिन्युअस (लागोपाठ फोटोंचा) मोड लावा, रिमोटचं बटण लॉक करा. नंतर गिम्प या फोटो-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो एकावर एक ठेवून 'लाइटन ओन्ली' निवडलं की तुकडे जुळतात.

थंडीत लेन्सवर दव धरतं, हूड लावाच. संधिप्रकाश उरला असेल तर आयएसओ 100 वर आणा.