चर खणायच्या आधी लेव्हल बघा

पाणलोटाच्या कामाला ग्रँट मिळाली की सगळं लक्ष मशीन आणि बंधाऱ्याकडे जातं, सर्व्हे-डिझाइनला पैसे मागितले की मात्र विचारतात हे कशाला. अहो, 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तरी 10,000 लिटर पाणी होतं, ते कुठून वाहणार, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) केवढा ठेवायचा हे कुणीतरी मोजायला नको का? मी स्वतः बघितलंय, समतल चर, म्हणजे उताराला आडवा एकाच पातळीत खणायचा चर, जरासा उताराला खणला गेला, पहिल्याच जोराच्या पावसात सगळं पाणी एका टोकाला गोळा झालं, कड फुटली आणि खाली घळ पडली. नुसती पाण्याची नळी धरून लेव्हल घेतली असती तरी वाचलं असतं! तांत्रिक मदतीचा निधी वेगळा हवा आणि तो काम सुरू व्हायच्या आधी हवा, माथा ते पायथा नकाशा हातात असला की पुढची मोठी ग्रँट मागणंही सोपं जातं.