आमच्या लेबलची बारा गाणी आणि पाचशेचा बाँड

हिट म्हणावं असं आमच्या लेबलकडं, म्हणजे गाणी रेकॉर्ड करून काढणाऱ्या आमच्या टोळक्याकडं, एकही गाणं नव्हतं, तरी 'हिट गाण्यांचा' संग्रह काढायचं ठरलं. परभणीच्या मोंढ्यात बियाण्याच्या दुकानावर आमची खोली. भिंतींना गोधड्या, पंखा बंद, खालचं शटर पडलं की रेकॉर्डिंग सुरू. 2019 पासून अशी एकसष्ट गाणी झाली. रॅप करणारे सात, मिक्सिंगला मी. कमाई विचारू नका.

खूळ डोक्यात घातलं ते रॉकसनं. न्यूयॉर्कच्या या अंडरग्राउंड लेबलनं 1997 साली 'साउंडबॉम्बिंग' हा संग्रह काढला. वेगवेगळ्या रॅपरांची गाणी डीजेनं सलग गुंफलेली, जणू सगळे एकाच खोलीत बसलेत. आमचे तर खरंच बसायचे.

निवड पटकन झाली. ज्याला त्याला आपलंच लेकरू गोरं, म्हणून चहाच्या हॉटेलात मोबाइलवर गाणी लावली. बसलेल्या पोरांनी पुढची ओळ आपणहून म्हटली की ते गाणं घ्यायचं. बारा निघाली.

गाडी अडली कागदावर. 2019 ला वहीच्या पानावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या: 'या गाण्यांचे हक्क लेबलला दिले.' खाली गाण्यांची नावं, बस. वकिली शिकणाऱ्या मित्रानं ते पान बघितलं आणि हसायलाच लागला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हक्क लेखी द्यावे लागतात; तेवढं आमचं बरोबर. पण मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. म्हणजे त्या पानावरची, संग्रहात घेतलेली पाच गाणी 2024 मधेच ज्याची त्याच्याकडं परत गेली होती. लेबलकडं राहिल्या गोधड्या.

यावेळी बाँडवरच लिहू म्हटलं. शंभराचा आता चालत नाही, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा लागतो. तो घेऊन फिरलो. नांदेडच्यानं उभ्या उभ्या सही केली. चाकणच्या कंपनीतला दिवाळीला गावी येईपर्यंत थांबलो. गंगाखेडचा मात्र जेसीबीवरून खाली उतरेना.

"गाणं घे, पण ती शिवी काढ. पोरगी पहिलीत गेली आता. मोबाइल तिच्याच हातात असतो."

"अरे, शिवीवरच तर यमक जुळायलंय."

"मग यमक सोड."

जुना लॅपटॉप जळालेला, त्यामुळं गाण्याचे सुटे ट्रॅक गेलेले. मेलमधे नुसती बीट, म्हणजे बोलांशिवायचं संगीत, सापडली, तेवढ्यावर भागवलं. जेसीबीच्या केबिनची काच लावली, इंजिन बंद केलं आणि मोबाइलवरच एक शब्द बोलून घेतला. आत उकाडा असा की दोघंही घामाघूम. शब्द चपखल बसला, पण सहा वर्षांत याचा आवाज जाड झालाय. कितीही पट्टी चढवली तरी तेवढा एक शब्द थोरल्या भावानं म्हटल्यासारखा येतो. तसाच ठेवला.

पुढची चूक माझी. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी कोड असतो. गाणं संग्रहात गेलं तरी रेकॉर्डिंग तेच, म्हणून कोडही तोच द्यायचा. बदललेल्या रेकॉर्डिंगला तेवढा नवा. मी उत्साहात बाराच्या बारांना नवे दिले. जुन्या कोडवर चार वर्षं पै-पै जमवलेले ऐकणारे गायब, संग्रहात सगळीकडं शून्य! गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीला मेल टाकले, तर 'तपासत आहोत' एवढंच छापील उत्तर येत राहिलं. शेवटी सगळं उतरवून परत चढवलं: अकरा जुन्या कोडवर, जेसीबीवालं एकटं नव्यावर.

संग्रह निघाला त्या रात्री गंगाखेडहून फोन आला. म्हटलं पैशाचं विचारतोय. तर म्हणे, पोरगी तीन वेळा तेच गाणं मागं घेऊन ऐकायलीय, अन् विचारायलीय, "पप्पा, मधीच हे दुसरं कोण बोललं?"